सतरा तारखेचं पान

माझी मोठी बहीण पद्मजा हिला मुलुंडात पद्मजा म्हणून कोणी ओळखत नाही. सगळे तिला 'सबनीस सरांच्या मिसेस' म्हणतात. सबनीस सर म्हणजे माझे भाऊजी, विद्याधर सबनीस, ग्रहताऱ्यांवर व्याख्यानं देणारे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठलीही व्याख्यानमाला घ्या, भाऊजी तिथे बोलून आलेले असणारच. अडुसष्टचे आहेत, दिसतात पंचावन्नचे. केस अर्ध्याहून जास्त काळे, पाठ ताठ, आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जावं. ताई चौसष्टची आणि दिसते त्यांच्या थोरल्या बहिणीसारखी. मागे एका बाईने तिला खरंच विचारलं होतं, "सर तुमचे धाकटे भाऊ का हो?" ताई हसली होती. मी तिथे असते तर त्या बाईचं काही खरं नव्हतं.

मी गंधाली. तोंडाने फटकळ आहे असं घरचे म्हणतात आणि ते खोटं नाही. म्हणून आधी खरं ते सांगून टाकते. भाऊजी कॉमर्सचे. जन्मभर बँकेत होते. लग्न झालं तेव्हा मंगळ आणि शनी त्यांना पत्रिकेतले तेवढे ठाऊक होते. फिजिक्स ताईचं. युनिव्हर्सिटीत दुसरी आली होती ती. घाटकोपरच्या कॉलेजात तीन वर्षं शिकवलं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली.

शिकवायचीही कशी, तर फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून. "एवढे डोळे एकदम माझ्याकडे बघायला लागले ना गंधू, की माझी जीभ टाळूला चिकटते," असं म्हणायची. बोलायची फळ्याशी, पण इतकं स्वच्छ की मुलं वह्या भरभरून लिहून घ्यायची.

शहाऐंशी साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा हे सगळं सुरू झालं. पहाटे अख्खी सोसायटी गच्चीवर. कोणाला काही दिसेना, जो तो भलतीकडेच बोट दाखवतोय. ताई भाऊजींच्या मागे उभी राहून हळूच सांगत होती आणि भाऊजी तेच मोठ्याने सगळ्यांना सांगत होते. उजाडेपर्यंत बिल्डिंगमधले त्यांना सर म्हणायला लागले. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं हेच चाललंय. वाचायचं ताईने, समजून घ्यायचं ताईने, लिहायचं ताईने. बोलायचं भाऊजींनी. हार, शाल, श्रीफळ भाऊजींना, आणि शेवटी ताईला स्टेजवर बोलावून एक गजरा, 'मिसेसचीही साथ आहे हो' म्हणून. माझा जळफळाट व्हायचा. भाऊजी बोलताना 'आम्ही वाचलं', 'आम्हाला असं वाटतं' म्हणायचे, तर मी खालून पुटपुटायचे, हे आम्ही कोण? कुठले राजे लागून गेले?

ताईची लिहायची पद्धत सांगायला हवी, कारण घोळ तिथेच झाला. रोज एक पान फाडायचं ते तारखांचं कॅलेंडर असतं ना, पुढे हाताएवढा आकडा आणि मागे कोरं, ते भाऊजींना दरवर्षी बँकेतून मिळायचं. रिटायर झाल्यावरही मिळतं. त्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ताई जाड पेनाने सात-आठ ओळी लिहिते, लांबून वाचता येतील अशा. एक महिना म्हणजे एक व्याख्यान. एक तारखेच्या पानापासून सुरुवात, एकतीसला समारोप. वेगळे नंबर घालायला नकोत, तारीख तोच नंबर. वर रबर बँड. कपाटात असे कितीतरी महिने आहेत. एका वर्षीचा ऑक्टोबर म्हणजे शनीची कडी, दुसऱ्या वर्षीचा मे म्हणजे ग्रहणं.

गेल्या दिवाळीपासून भाऊजी विसरायला लागले. आधी चाव्या, मग माणसांची नावं, मग बँकेत जायचंय म्हणून सकाळी शर्ट घालून तयार. जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ताईला म्हणाले, महिनाभर रोजची नोंद ठेवा, काय विसरले, कधी विसरले. ही गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक. भाऊजींचं डोकं स्वच्छ असतं अशा एका दुपारी त्यांनी ताईकडून शब्द घेतला. म्हणाले, "एप्रिलचं मुलुंडचं व्याख्यान होऊ दे. शेवटचं. त्यानंतर मी स्वतः सांगेन लोकांना. तोवर कोणाला कळता कामा नये. कीव नको मला." ताईने शब्द दिला. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

वाचता मात्र त्यांना उत्तम येत होतं. डॉक्टर म्हणाले, हे बरेच दिवस टिकतं. हातात ताईची पानं दिली की तोच आवाज, तीच ऐट, तेच दोन वाक्यांच्या मध्ये थांबून लोकांकडे बघणं. ताईने घरी चार वेळा वाचून घेतलं होतं. एकदाही अडले नाहीत.

विषय मात्र काय निवडावा बाईने! म्हातारे असून तरुण दिसणारे तारे. मला तिने फोनवर समजावून सांगितला तेव्हा माझं टाळकंच फिरलं. "ताई, हे तू मुद्दाम केलंयस का?" म्हटलं. तर म्हणे, "छे गं, हे जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं. सुंदर विषय आहे." ह्या बाईला स्वतःचं आयुष्य स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं दिसत नव्हतं. किंवा दिसत असेल, मला सांगितलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाचं व्याख्यान. मी समितीवर आहे. माझ्याकडे दोन कामं असतात: स्टेजच्या बाजूच्या टेबलावर बसून पंचावन्न मिनिटं झाली की पितळी घंटी वाजवायची, आणि शेवटी आभार मानायचे. त्या दिवशीचे आभार मी घरूनच ठरवून गेले होते. भाऊजींच्या आजाराबद्दल अवाक्षर काढणार नव्हते, तेवढी अक्कल मला आहे. पण ही सगळी व्याख्यानं कोणी लिहिली ते सांगणार होते. शेवटचंच व्याख्यान ना? मग आता नाही तर कधी?

आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हॉलच्या मागच्या खोलीत ताई दिसल्या दिसल्या मी तिला ते सांगून बसले.

तिचा चेहरा पांढराफटक. "गंधू, असलं काही करशील तर याद राख."

"का? खोटं आहे का?"

"आज त्यांचा दिवस आहे."

"तुझा कधी असतो गं? चाळीस वर्षांत एक तरी दिवस तुझा होता?" असं म्हणत मी तिच्या हातातली कापडी पिशवी ओढली. पानं मीच भाऊजींना नेऊन देणार होते, रागारागात काहीतरी करायचं म्हणून. तिने पिशवी सोडली नाही. मीही सोडली नाही. दोन म्हाताऱ्या बायका शाळकरी पोरींसारख्या पिशवी ओढतायत. बंद तुटला आणि पानं सगळी फरशीवर.

एक गठ्ठा नव्हता, दोन होते. रबर बँड जुने, दोन्ही तुटले. जानेवारी आणि फेब्रुवारी. "फेब्रुवारी कशाला आणलास?" मी विचारलं. ती खाली बसत म्हणाली, "डॉक्टरांसाठीची नोंद आहे. घरी ठेवली तर त्यांच्या हाताला लागेल ना. मी जाईन तिथे बरोबर नेते."

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी मुकुल दारात आले. "मॅडम, सर तुम्हाला शोधतायत. जरा घाबरल्यासारखे वाटतायत." ताई तशीच उठून धावली. मी ओरडले, "जा तू, मी लावते." चष्मा माझा टेबलावर, घंटीजवळ. पानावर तारीख हाताएवढी आणि महिना कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात. तारखा लावल्या, डोळे बारीक करकरून महिने वेगळे काढले. बाहेर दीपप्रज्वलन सुरू झालं होतं. एकतीसचा एक गठ्ठा, अठ्ठावीसचा एक. मोजून घेतले, हिशोब बरोबर. उलटून मागची बाजू बघायचं सुचलंच नाही मला. एकतीसचा गठ्ठा भाऊजींच्या स्टँडवर ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.

हॉल भरलेला. दोनशे माणसं तरी होती. ताई पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, नेहमीसारखी. हात मांडीवर घट्ट धरलेले. भाऊजी उभे राहिले, पहिलं पान उचललं, आणि काय सांगू, सगळी भीती उगाच होती असं वाटलं.

"कर्क राशीत," ते म्हणाले, "ताऱ्यांचा एक जुना पुंजका आहे. सगळे तारे एकाच वेळी जन्मलेले. एकाच शाळेतली एकच बॅच म्हणा. वय सुमारे चारशे कोटी वर्षं. आता ताऱ्यांचा नियम असा, की जो वजनाने जास्त तो जास्त तापतो, निळा दिसतो आणि लवकर संपतो. म्हणजे ह्या जुन्या पुंजक्यात निळे तारे कधीच संपलेले असायला हवेत. उरायला हवेत पिवळे आणि तांबडे." थांबले. हॉलकडे बघितलं. "पण दुर्बीण लावली, तर मधूनच काही तारे झगझगीत निळे! साठीच्या गेट-टुगेदरला सगळे टक्कल घेऊन आलेत आणि एकाचे केस काळेभोर. आणि डाय नाही हं!"

हॉल हसला. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "तुमच्यासारखे, सर!" भाऊजीही हसले. ताईचे ओठ हलत होते. प्रत्येक वाक्य ती मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणत होती.

आठ, नऊ, दहा. मी चष्मा लावून घड्याळ बघत होते. पानं पालथी पडत होती. चौदाव्या पानावर ते म्हणाले, आधी लोकांना वाटलं की हे तारे त्या पुंजक्यातले नव्हेतच, वाटेत मध्ये आलेले कोणी परके असतील. मग त्यांची चाल मोजली. ते त्याच पुंजक्याबरोबर, त्याच दिशेने, त्याच वेगाने चाललेले निघाले. सोळावं पान. "म्हणजे हे घरचेच आहेत. इतरांएवढेच म्हातारे आहेत. मग त्यांना हे तारुण्य दिलं कोणी?"

ह्या प्रश्नावर थांबायचं असं ताईने लिहून दिलेलं होतं. ते थांबले.  त्यांनी सोळावं पान बाजूला ठेवून सतरावं उचललं आणि त्याच भरदार आवाजात वाचायला लागले.

"सोमवार. सकाळी चहा दोनदा झाला, तिसऱ्यांदा मागितला. दुपारी मला म्हणाले, बाई, पद्मजा कुठे गेली?"

 महिना! चुकीच्या महिन्याचं सतरा!

"मी म्हटलं, भाजी आणायला. म्हणाले, ती आल्याशिवाय मी जेवणार नाही. साडेतीनपर्यंत जेवले नाहीत. शेवटी मी पायात चपला घातल्या, बाहेर गेले, दाराची बेल वाजवली आणि आत आले. तेव्हा म्हणाले, किती उशीर केलास. मग पोटभर जेवले."

 काहींना वाटलं असेल सर गोष्ट सांगतायत, आता तिचा ताऱ्यांशी संबंध जोडतील. एक-दोघं हसूही लागले होते, मग गप्प झाले. भाऊजींनी पान उलटलं, आकडा बघितला. परत पालथं केलं. ओठ हलले, पण आवाज नाही. मग अठरावं उचललं, खाली ठेवलं, सोळावं शोधायला लागले. पानं स्टँडवरून घसरून खाली पडली. एवढा ताठ माणूस, आणि माईकवर ऐकू आलं ते बारीक, घाबरलेलं, "पुढचं... पुढचं कुठे आहे?"

मुकुल माझ्या कानाशी लागले, "काय झालं? लाइट बंद करू का? फ्यूज गेला म्हणून सांगतो." माझा हात घंटीवर होता. वाजवली असती तर संपलं असतं. पण सगळ्यांना कळलं ते कळलंच असतं. आणि केलं कोणी? मी. ज्या बहिणीसाठी भांडत होते, तिचा शब्द मीच मोडला होता. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

ताई उठली.

पायऱ्या चढताना तिने कठडा घट्ट धरला होता. ती भाऊजींजवळ गेली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मग माईकपाशी आली. हॉलकडे बघितलं आणि तिची जीभ टाळूला चिकटली, मला इथून दिसलं. पाच सेकंद गेले, दहा गेले. म्हटलं, संपलं, आता ही पण कोसळणार.

आणि ती वळली. हॉलकडे पाठ केली. माईक स्टँडवरून काढून हातात घेतला, मागच्या पडद्यावर त्या पुंजक्याचा फोटो होता त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली, घाटकोपरच्या वर्गात उभी राहायची तशी.

"मध्ये आलेलं पान माझं आहे," ती पडद्याला म्हणाली. "चुकून आलं. आता सतरावं पान सांगते."

एक कागद हातात नाही. "आकाशात बरेचसे तारे एकटे नसतात. दोघं असतात, एकमेकांभोवती फिरणारे. त्यातला जो मोठा, तो आधी म्हातारा होतो. म्हातारा झाला की तारा फुगतो. इतका फुगतो, की त्याचं बाहेरचं अंग सोबत्याच्या ओढीत येतं. मग त्याच्या अंगावरचा वायू सोबत्याकडे वाहायला लागतो. हे एका दिवसाचं काम नाही. लाखो वर्षं चालतं. सोबत्याचं वजन वाढतं. त्याच्या पोटात नवं इंधन पडतं. तो तापतो, निळा होतो. बघणाऱ्याला वाटतं, हा कालच जन्मला."

तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. फिजिक्सची मुलं कशाला वह्या भरायची ते मला त्या दिवशी कळलं.

"आणि ज्याने दिलं त्याचं काय? त्याचा फक्त गाभा उरतो. छोटा, पांढरा. सोबत्याच्या झगमगाटात तो साध्या दुर्बिणीतून दिसतच नाही. कित्येक वर्षं तो आहे हे फक्त गणितात होतं. मग अतिनील प्रकाशात फोटो घेतले, आणि काही निळ्या ताऱ्यांच्या शेजारी तो सापडला. विझलेला नव्हता. आतून अजून खूप तापलेला होता."

बोलता बोलता ती वळली होती. कधी ते तिलाही कळलं नसेल. आता हॉलकडे तोंड होतं.

"लोक म्हणतात, एकाने दुसऱ्याला लुबाडलं. मी असं म्हणणार नाही. ही ओढ दोन्हीकडून असते, म्हणून तर ते एकमेकांभोवती फिरतात. आणि त्या निळ्याचंही एक सांगायला हवं. वजन वाढलं की तारा भरभर जळतो. मिळालेलं तारुण्य फार दिवस पुरत नाही. तोही संपत येतो. तेव्हा जवळ कोण असतं? तोच, ज्याचं सगळं देऊन झालंय."

तिथून एकतिसाव्या पानापर्यंत ती थांबली नाही. पंचावन्न मिनिटं झाली, साठ झाली. मी घंटी वाजवली नाही. मुकुलनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी डोळे वटारले.

संपलं. मग टाळ्या. मुलुंडच्या हॉलमध्ये लोक उभे राहून टाळ्या वाजवतात हे मी पहिल्यांदा बघितलं. मी रडत होते, लपवत नाही. शरम वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम, आणि त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

आता शाल-श्रीफळ. मुकुल ताट घेऊन स्टेजवर आले आणि मध्येच थबकले. शाल वक्त्याची, गजरा मिसेसचा. कोणाला काय द्यायचं? ते एकदा ताईकडे बघतायत, एकदा भाऊजींकडे.

भाऊजी खुर्चीतून उठले. तेही टाळ्या वाजवत होते. चेहरा उजळलेला, घाबरल्याचं नावनिशाण नाही. ताटातली शाल त्यांनी स्वतः उचलली, झटकून उलगडली आणि ताईच्या खांद्यावर घातली. नीट, दोन्ही टोकं पुढे ओढून. मग तिला नमस्कार केला.

"बाई, फार सुंदर बोललात," ते म्हणाले. माईक तिच्या हातात चालू होता, सगळ्यांना ऐकू आलं. "इतकी वर्षं आम्ही हा विषय वाचतोय, पण असं कधी ऐकलं नव्हतं. तुमचं नाव काय?"

टाळ्या थांबल्या. एकेक माणूस थांबत गेला. त्यांना आता सगळं कळलं होतं. सतरा तारखेचं पान कोणाचं होतं ते कळलं होतं.

ताई म्हणाली, "पद्मजा."

"अरे वा!" भाऊजी हसले. "माझ्या बायकोचंही नाव पद्मजा. हे सगळं तिचंच आहे हो, मी नुसता वाचून दाखवतो." मग ते पहिल्या रांगेकडे बघायला लागले, त्या कडेच्या रिकाम्या खुर्चीकडे. "इथेच बसते ती. कुठे गेली? तिने ऐकायला हवं होतं." त्यांचा आवाज परत बारीक व्हायला लागला. "ती नसली तर मला... ती कुठे गेली?"

ताईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरची शाल काढली, घडी केली, ताटात ठेवली. माईक टेबलावर ठेवला. पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने, दोन्हीकडच्या माणसांमधून, हॉलच्या दारातून बाहेर गेली. दार लोटलं.

 मागे वळून कोणी बघितलं नाही. भाऊजी तेवढे त्या खुर्चीकडे बघत उभे.

माझ्या पुढ्यात घंटी होती. मी ती वाजवली.

भाऊजींनी मान वर केली. दार उघडलं आणि ताई आत आली. सावकाश, बाजारातून आल्यासारखी, पिशवी नसलेला हात पिशवी धरल्यासारखा. वाटेतल्या माणसांनी पाय आत घेतले. ती स्टेजच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"किती उशीर केलास," भाऊजी म्हणाले. दोन पायऱ्या उतरून त्यांनी तिचा हात धरला. "अगं, एक बाई आल्या होत्या. तुझंच सगळं बोलल्या, आणि तुझ्याइतकं छान बोलल्या. तू हवी होतीस."

"हो ना," ताई म्हणाली. "चुकलंच माझं. चला, घरी जाऊ."